टर्मिनलमध्ये चालतं, मग एडिटरमध्ये का नाही?

ताई, नमस्कार.
मी भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत सात महिन्यांपासून फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये बसणारा प्रोग्राम, लिहिते. शेतीपंपांचे कंट्रोलर बनवतो आम्ही, चिप एसटीएम३२ एफ४०७. बाकी सगळे एक्लिप्सवर बांधलेलं एक जुनं आयडीई वापरतात, एडिटर, कंपायलर, डीबगर सगळं एकत्र असलेलं. मला उबुंटू आणि व्हीएस कोडची सवय आहे. टर्मिनलमध्ये ‘मेक’ म्हटलं की बिल्ड नीट होतं, म्हणजे कोडमधून चिपवर घालायची फाइल तयार होते. पण तीच फाइल व्हीएस कोडमध्ये उघडली की २१२ एरर, जिकडे बघावं तिकडे लाल रेघा. इनक्लूडचे सगळे फोल्डर मी सेटिंगच्या फाइलमध्ये हाताने टाकले, तरी तेच. बिल्डमध्ये खरी एरर आली आणि तिच्यावर क्लिक केलं, तर ‘फाइल सापडत नाही’. आणि एफ५ दाबल्यावर कधी कधी बोर्डावर जुनाच कोड जातो. कधी कधीच, नेहमी नाही. दोन शनिवार-रविवार यातच गेले. टास्क्स.जेसन, म्हणजे व्हीएस कोडला बिल्डची आज्ञा सांगणारी फाइल, सोबत पाठवते आहे. आमचे सर म्हणतात, “हत्यारांशी खेळत बसू नकोस, काम कर.” आई विचारते, ऑफिसात काही बिनसलंय का. मला अक्कल नाही, की हे खरंच इतकं अवघड आहे? सगळं सोडून मुकाट्याने जुन्या आयडीईवर जाऊ का?
– वैतागलेली, भोसरी

अगं वैतागलेली,

तुला अक्कल नाही असं अजिबात नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तुझ्या पत्रात एरर २१२ असल्या तरी तुला बोचतोय तो हाच प्रश्न. टर्मिनलमध्ये चालणारी गोष्ट एडिटरमध्ये चालली नाही की माणूस पहिला संशय स्वतःवर घेतो. त्यात वरिष्ठांनी ‘खेळत बसू नकोस’ म्हटलं की संपलंच.

मी शिकले तेव्हा कॉलेजच्या लॅबमध्ये निळ्या पडद्याचं टर्बो सी होतं. ऑल्ट-एफ९ला कंपाइल, कंट्रोल-एफ९ला प्रोग्राम सुरू, आणि चूक असली तर कर्सर आपणहून त्या ओळीवर. आपल्याकडच्या कितीतरी बॅचेस त्या निळ्या पडद्यावर सी शिकल्या आणि ‘असंच असतं’ हे मनात घेऊन बाहेर पडल्या. तिथे एडिटर, कंपायलर, लिंकर सगळं एकाच घरचं होतं. तुझ्या लॅपटॉपवर एडिटर एकाचा, कंपायलर दुसऱ्याचा, मेक तिसऱ्याचं आणि दोष शोधायला मदत करणारा डीबगर चौथ्याचा. त्यांची आपसात ओळख करून द्यायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय, आणि ते कसं करायचं हे कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

एक गोष्ट नीट समजून घे, म्हणजे पुढचं सोपं जाईल. त्या एका खिडकीत तीन निरनिराळी कामं चालतात. खरं बिल्ड मेक करतं. लाल रेघा काढणारा वेगळाच प्रोग्राम असतो. तो तुझा कोड स्वतःच्या बुद्धीने वाचतो आणि मेककडे ढुंकूनही बघत नाही. एफ५ दाबल्यावर बोर्डाशी बोलतो तो डीबगर तिसरा. तिघांनाही तुझ्या प्रोजेक्टची माहिती लागते, आणि आज तू ती तीन ठिकाणी तीनदा लिहिली आहेस. एकीकडे बदल झाला की दुसरीकडे राहून जातो. तेव्हा माझं म्हणणं एवढंच: प्रोजेक्टची माहिती मेकफाइलमध्येच (काय, कसं बिल्ड करायचं हे मेकला सांगणाऱ्या फाइलमध्ये) राहू दे आणि बाकीच्यांनी ती तिथून घ्यावी. सेटिंगच्या फाइलमध्ये हाताने फोल्डर भरणं आजच थांबव.

आता त्या २१२ एररकडे येऊ. आकडा बघून घाबरू नकोस, पहिली एरर शोध. माझा अंदाज आहे की ती तुझ्या कोडमध्ये नाहीच. एसटीएम३२एफ४एक्सएक्स.एच या हेडरमध्ये (तुझा कोड ‘इनक्लूड’ करतो त्या फाइलमध्ये) एक ओळ आहे, तिचा अर्थ साधारण असा: ‘आधी कुठली चिप वापरताय ते निवडा’. चिप निवडायची म्हणजे ‘एसटीएम३२एफ४०७एक्सएक्स’ हा मॅक्रो, म्हणजे कंपायलरला आधीच सांगून ठेवायचं एक नाव, द्यायचा. तुझी मेकफाइल तो ‘-डी’ लावून कंपायलरला देते, म्हणून मेक खूश असतं. लाल रेघा काढणाऱ्याला तो कुणी दिलाच नाही. मग ते हेडर पुढचं चिपचं हेडर उघडतच नाही. चिपमधले भाग मग अनोळखी: जीपीआयओ म्हणजे काय ते कळत नाही, टायमर कळत नाही, यूएआर्ट कळत नाही, आणि त्यांचं नाव जिथे जिथे येतं तिथे तिथे रेघ. एका न दिलेल्या मॅक्रोची ही सगळी पिलावळ. तू फोल्डर कितीही टाकलेस तरी फरक का पडला नाही, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल.

‘मग मेकफाइल वाचून एडिटरला हे आपोआप का कळत नाही?’ असं तुझ्या मनात येईल, आणि ते रास्त आहे. मेक हे स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिलं. काय बदललं ते बघून नेमक्या आज्ञा चालवायच्या, एवढंच त्याचं काम. प्रोजेक्टमध्ये काय काय आहे हे दुसऱ्या कुणाला समजावून सांगायची जबाबदारी त्याच्यावर कधीच नव्हती. मेकफाइलमध्ये व्हेरिएबल असतात, अटी असतात, शेलच्या आज्ञा असतात, त्यामुळे ती चालवल्याशिवाय तिच्यातून काय निघणार ते सांगता येत नाही. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला, तेव्हा एडिटर आणि भाषा समजणारा प्रोग्राम यांना एकमेकांशी बोलायची एक ठरलेली रीत मिळाली. पण हा प्रोजेक्ट कुठल्या मॅक्रोंनी, कुठल्या फोल्डरमधून बिल्ड होतो, हे त्या रीतीत येत नाही. ती माहिती बाहेरून द्यावी लागते.

सी आणि सी++साठी ती देण्याची एक फाइल ठरलेली आहे: कंपाइल_कमांड्स.जेसन. तिच्यात प्रत्येक सी फाइलपुढे तीन गोष्टी असतात: आज्ञा कुठल्या फोल्डरमधून चालली, फाइल कुठली, आणि जीसीसीला (तुझ्या कंपायलरला) दिलेली नेमकी आज्ञा, मॅक्रोंच्या सगळ्या ‘-डी’ आणि फोल्डरांच्या ‘-आय’सकट. प्रोजेक्ट सीमेक या दुसऱ्या बिल्ड-साधनावर असता तर एका पर्यायाने ही फाइल फुकट मिळाली असती. साध्या मेकसाठी ‘बेअर’ नावाचं छोटं साधन आहे, उबुंटूवर ‘ॲप्ट’ने बसतं. ते मेकच्या शेजारी उभं राहून कंपायलरला कधी, कशी हाक मारली ते टिपून घेतं.

इथे बहुतेक जण एकाच ठिकाणी ठेचकाळतात, तू नको ठेचकाळूस. बेअर फक्त प्रत्यक्ष चाललेल्या आज्ञा टिपतं. तुझं बिल्ड आधीच झालेलं असेल तर मेक म्हणेल ‘करण्यासारखं काही नाही’, आणि बेअर तुझ्या हातात रिकामी फाइल ठेवेल. म्हणून आधी ‘मेक क्लीन’, मग ‘बेअर -- मेक’. मधल्या त्या दोन रेघा आणि त्यांच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा विसरू नकोस. फाइल तयार झाली की उघड आणि एफ४०७चा मॅक्रो तिच्यात आहे का ते शोध. तो दिसला की निम्मी लढाई जिंकलीस.

मग ती फाइल कोण वाचणार ते ठरव. मायक्रोसॉफ्टचं सी/सी++ एक्स्टेन्शन ठेवायचं असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘कंपाइल कमांड्स’ला या फाइलचा पत्ता दे आणि हाताने भरलेली फोल्डरांची यादी काढून टाक. मला स्वतःला कोड वाचून रेघा काढणारं दुसरं साधन, क्लँगडी, जास्त आवडतं, मोठ्या कोडवर ते चपळ वाटतं. पण दोन्ही एकदम चालू ठेवू नकोस. दोघं आपापल्या रेघा काढत बसतील आणि कुठली कुणाची तेच कळणार नाही.

क्लँगडी घेतलंस तर तुझ्यासारख्या क्रॉस-कंपायलरवाल्यांना (लॅपटॉपवर बसून दुसऱ्या चिपसाठी कंपाइल करणाऱ्यांना) आणखी एक पायरी चढावी लागते. मॅक्रो मिळाला, २१२च्या पाच-सहा एरर झाल्या, तरी ‘स्ट्रिंग.एच सापडत नाही’ अशी एक चिवट एरर राहते. ते हेडर तुझ्या आर्म कंपायलरच्या पोटात असतं आणि त्याचा पत्ता मेकफाइलमध्ये नसतो. जीसीसीला तो मुळातच ठाऊक असतो. क्लँगडीने जीसीसीलाच विचारावं यासाठी त्याला ‘--क्वेरी-ड्रायव्हर’ हा पर्याय द्यायचा आणि पुढे आर्म जीसीसीचा पूर्ण पत्ता. हे आपणहून का होत नाही, तर बाहेरून आणलेल्या प्रोजेक्टच्या जेसन फाइलमध्ये कंपायलर म्हणून कुठल्याही प्रोग्रामचं नाव असू शकतं. क्लँगडी तुझ्या परवानगीशिवाय तो चालवत नाही. ही काळजी योग्य आहे, पण एररमध्ये याचा इशारा मिळत नाही, म्हणून भली भली माणसं इथे अडकलेली मी पाहिली आहेत.

ही जेसन फाइल गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या ठेवायच्या साधनात) टाकू नकोस, तिच्यात तुझ्या लॅपटॉपचे पत्ते आहेत. मेकफाइलमध्ये ती तयार करणारं एक टार्गेट, म्हणजे नाव दिलेलं काम, लिहून ठेव, म्हणजे नवी फाइल आली की एका आज्ञेत काम होईल.

आता क्लिकचं. तुमची मेकफाइल आतल्या फोल्डरांमध्ये शिरून तिथलं मेक चालवत असणार. तिथून जीसीसी सांगतं ‘एसआरसी/यूएआर्ट.सी, ओळ ५७’. हा पत्ता आतल्या फोल्डरच्या हिशेबाने असतो, आणि व्हीएस कोड तो वरच्या फोल्डरच्या हिशेबाने शोधतो. मेक प्रत्येक वेळी ‘एंटरिंग डिरेक्टरी’ अशी ओळ छापतं. ईमॅक्स आणि व्हिम हे एडिटर ती वाचून पत्ता जुळवून घेतात, व्हीएस कोडचा प्रॉब्लेम मॅचर (बिल्डच्या छापील ओळींतून एरर ओळखणारा भाग) ती वाचत नाही. साधा उपाय म्हणजे मेकफाइलमध्ये जीसीसीला फाइलचं नाव देताना ते ‘ॲब्सपाथ’मध्ये गुंडाळून पूर्ण पत्ता द्यायचा. मात्र फर्मवेअरमध्ये याची किंमत असते. असर्ट (कोडमधल्या तपासण्या) चालू असतील तर ‘__फाइल__’मधून, म्हणजे फाइलचं नाव भरणाऱ्या मॅक्रोतून, तो लांबलचक पत्ता चिपच्या फ्लॅशमध्ये जाऊन बसतो, आणि तुझ्या आणि सरांच्या मशीनवर एकाच कोडच्या दोन वेगळ्या बायनरी निघतात. जीसीसी ८ पासून ‘-एफमॅक्रो-प्रीफिक्स-मॅप’ हा पर्याय आहे, त्याने तो पत्ता पुन्हा छोटा करता येतो. दोन्ही बदल एकत्रच कर.

एफ५चं दुखणं मला सगळ्यात गंभीर वाटतं, आणि त्याचं मूळ तू पाठवलेल्या टास्क्स.जेसनमध्येच आहे. तुझी बिल्डची आज्ञा आहे: ‘मेक ऑल | टी बिल्ड.लॉग’. ‘टी’ मेकचं बोलणं पडद्यावर दाखवतं आणि फाइलमध्येही लिहितं, आणि लॉग जपून ठेवायचा हेतू चांगला आहे. पण पाइप लावला की शेल शेवटच्या प्रोग्रामचा निकाल कळवतं. मेक नापास झालं तरी ‘टी’ने आपलं काम चोख केलेलं असतं, आणि व्हीएस कोडपर्यंत तेवढंच पोचतं: सगळं ठीक. टर्मिनलमध्ये ‘फॉल्स | टी लॉग’ चालव आणि लगेच ‘एको $?’ विचार. उत्तर ० येईल. फॉल्सचं जगातलं एकमेव काम नापास होणं आहे, तरीही.

‘कधी कधीच’ हे तू लिहिलंस ते बरं केलंस, कारण त्यावरूनच माझी खात्री पटली. सी फाइलमध्ये साधी चूक असली की प्रॉब्लेम मॅचर जीसीसीची एरर ओळखतो आणि व्हीएस कोड तुला थांबवून विचारतो. पण एखाद्या हेडरचं नाव बदललंस आणि मेक म्हणालं ‘नो रूल टु मेक टार्गेट’, तर ती ओळ जीसीसीची नाही. मॅचरला ती ओळखता येत नाही आणि ‘टी’ म्हणतो सगळं ठीक. मग डीबगर कालची ईएलएफ फाइल (बिल्डमधून निघालेला तयार प्रोग्राम) उचलून बोर्डावर घालतो. कंपायलरच सापडला नाही तरी हेच होतं. पाथमध्ये (प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्या यादीत) तू बदल केलास, पण व्हीएस कोडची खिडकी आधीपासून उघडी आहे, तर तिला नवा पाथ माहीतच नसतो. म्हणून कंपायलरचा पत्ता पाथच्या भरवशावर न सोडता मेकफाइलमध्येच लिही. आणि ‘टी’ काढून टाक. लॉग हवाच असेल तर आज्ञेच्या आधी ‘सेट -ओ पाइपफेल’ लाव. शिवाय डीबगच्या सेटिंगमध्ये ‘ऑन टास्क एरर्स’ला ‘अबॉर्ट’ निवड, म्हणजे बिल्ड फसलं की डीबगर सुरूच होणार नाही.

हे मी इतक्या कळकळीने लिहितेय त्याला कारण आहे. वजनकाट्याचं फर्मवेअर करणाऱ्या एका कंपनीत असताना आम्ही चौघं एका दोषामागे तीन दिवस लागलो होतो. कोड बदलायचा, बोर्डावर घालायचा, काटा तेच चुकीचं वजन दाखवायचा. हार्डवेअरवाल्यांशी भांडून झालं, लोडसेल बदलून झाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणीतरी ईएलएफ फाइलची वेळ बघितली: सोमवार, सकाळी ११. आम्ही बुधवारी बसलो होतो. दुरुस्ती पहिल्याच दिवशी बरोबर झाली होती, ती बोर्डापर्यंत गेलीच नव्हती. तेव्हापासून बोर्ड सुरू झाला की सीरियल पोर्टवर गिटचा कमिट क्रमांक (कोडच्या नेमक्या आवृत्तीचा क्रमांक) छापल्याशिवाय मी कुठल्याही फर्मवेअरवर विश्वास ठेवत नाही. तूही ती ओळ आजच घाल.

राहिले तुझे सर. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, तेही सांगते. दोन शनिवार-रविवार हा फार मोठा खर्च आहे, आणि वर लिहिलेलं सगळं शांतपणे केलंस तर एका दुपारचं काम आहे. त्यापलीकडे आयकॉन, बटणं, शॉर्टकट यांत वेळ घालवू नकोस. बिल्ड टर्मिनलमध्येच करत राहिलीस तरी काही बिघडत नाही. मी आजही तसंच करते. लाल रेघा खऱ्या असाव्यात आणि एफ५ने ताजाच कोड जावा, या दोन गोष्टी मात्र सोडू नकोस.

पण सरांना एक प्रश्न विचार, वाद म्हणून नाही, मनापासून: “सर, गिऱ्हाइकाच्या पंपात जाणारं बिल्ड कुठलं, आयडीईचं की मेकचं?” ते जुनं आयडीई कंपायलरचे पर्याय स्वतःच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये ठेवतं आणि मेकफाइल स्वतःचे. दोन्ही जुळतात का, हे कुणी तपासलंय? समजा आयडीईत ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड आटोपशीर करणं) ‘-ओ०’, म्हणजे बंद आहे आणि मेकफाइलमध्ये ‘-ओएस’, म्हणजे चालू. इंटरप्टमध्ये बदलणारा एखादा फ्लॅग ‘व्होलटाइल’ (हा कधीही बदलू शकतो, दर वेळी नव्याने वाच) लिहायचा राहून गेला, तर पहिल्या बिल्डमध्ये सगळं सुरळीत चालेल आणि दुसऱ्यात मेन लूप त्या फ्लॅगची वाट बघत कायमचा बसून राहील. तो फ्लॅग मोटरचा करंट वाढल्याचा असला तर शेतकऱ्याची मोटर जळेल. टेबलावर तपासलं एक आणि पंपात गेलं दुसरं, हे होता कामा नये. तुला दोन्हीकडून त्रास झाला म्हणून तरी हे दिसलं. जे एकाच खिडकीत बसून आहेत त्यांना दिसायचं कारण नव्हतं.

आणि ‘सगळ्यांनी व्हीएस कोड वापरा’ असं म्हणू नकोस. कुणाला स्वतःचं आयडीई सोडायची गरजच नाही. एक्लिप्समध्ये ‘मेकफाइल प्रोजेक्ट विथ एक्झिस्टिंग कोड’ असा प्रकार आहे. तो वापरला तर एक्लिप्स तुमच्याच मेकफाइलने बिल्ड करतं. सर त्यांच्या खिडकीत, तू तुझ्या खिडकीत, आणि बायनरी एकाच मेकफाइलमधून निघालेली. आधी एका जुन्या, कोऱ्या मशीनवर कोड नव्याने उतरवून फक्त ‘मेक’ने बिल्ड होतं का ते बघ, आणि ते करून मग सरांकडे जा.

जुन्या आयडीईवर जायचं तर खुशाल जा. चिपचे रजिस्टर बघायला ते सोयीचं वाटत असेल तर त्यात कमीपणा काही नाही. पण हरले म्हणून जाऊ नकोस. आईला सांग, पाइपच्या शेवटी एक ‘टी’ होता, तो सापडला.

बेअर आणि क्वेरी-ड्रायव्हरनंतरही रेघा उरल्या तर मला पुन्हा लिही. फक्त पहिली एरर पाठव, आणि कंपाइल_कमांड्समधली मेन.सीची नोंद.

तुझी,
ताई